रक्तदाबाची गोळी आणि छातीतली धाप

छातीत पाणी झालं की डॉक्टर लघवीची गोळी देतात, हे आता घरोघरी माहीत आहे. हृदय थकलं, फुफ्फुसांत पाणी उतरलं, की ते लघवीवाटे बाहेर काढायचं. याच घराण्यातली एक जुनी, स्वस्त आणि सौम्य समजली जाणारी गोळी म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड. रक्तदाबासाठी ती जगभर कोट्यवधी लोक घेतात. पण क्वचित एखाद्या माणसात हीच गोळी काही मिनिटांत ते काही तासांत फुफ्फुसांत पाणी आणते. हृदय ठणठणीत, मूत्रपिंडं ठीक, आणि एक्सरेत दोन्ही फुफ्फुसं पांढरी. ही गोळी १९५९ मध्ये बाजारात आली. अशा प्रतिक्रियेची पहिली नोंद १९६८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आली. युरोपातल्या माहितीपत्रकांत तिचा ठळक इशारा यायला मात्र २०२० नंतरचा काळ उजाडावा लागला.

अर्धशतकाहून अधिक काळ गेला. या दिरंगाईचं कारण वैद्यकात कमी आणि आपल्या सवयीत जास्त आहे, असं मला वाटतं. रक्तदाबाची गोळी आपण औषध म्हणून मोजतच नाही. कॅज्युअल्टीत धापा टाकत आलेल्या बाईला विचारलं, ‘काही औषधं चालू आहेत का?’ की उत्तर येतं, ‘नाही हो, काही नाही. बीपीची एक गोळी तेवढी.’ त्या ‘तेवढी’कडे विचारणाराही लक्ष देत नाही. त्याच्या डोक्यात न्यूमोनिया असतो, हृदयविकार असतो, डेंगी असतो.

या प्रतिक्रियेचं चित्र ओळखीचं झालं की पुन्हा विसरता येत नाही. नोंदवलेल्या रुग्णांत बहुसंख्य बायका आहेत, बहुतेक पन्नाशीच्या आसपासच्या किंवा पुढच्या. अनेकींनी ही गोळी पूर्वी कधीतरी घेतलेली असते आणि तेव्हा काहीच झालेलं नसतं. मध्ये ती बंद पडते, पुन्हा सुरू होते, आणि त्या दिवशी गोळी पोटात गेल्यावर थोड्याच वेळात थंडी वाजते, मळमळतं, उलटी-जुलाब होतात, ताप चढतो, दम लागतो. रक्तदाब वाढायच्या ऐवजी खाली येतो. सगळं मिळून रक्तात जंतुसंसर्ग पसरल्यासारखं दिसतं. त्यामुळे प्रतिजैविकं सुरू होतात, ऑक्सिजन लागतो, काहींना व्हेंटिलेटरही. दोन-तीन दिवसांत बाई बरी होते आणि श्रेय प्रतिजैविकाला जातं. घरी गेल्यावर नेहमीची गोळी पुन्हा सुरू होते. पुढचं सांगायला नको. वैद्यकीय नियतकालिकांत अशा रुग्णांच्या कहाण्या आहेत, ज्यांना गोळीवर संशय येण्यापूर्वी दोनदा-तीनदा आयसीयू पाहावं लागलं.

हे का होतं, ते नेमकं उलगडलेलं नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणा गोळीला शत्रू समजते आणि फुफ्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती पाझरू लागतात, असा तर्क आहे. पाणी साचण्याचं कारण हृदयाचा जोर कमी पडणं हे नसून ही गळती आहे. म्हणून लघवी वाढवून फारसा फायदा होत नाही. रुग्णाचा रक्तदाब आधीच पडलेला असेल तर ते धोक्याचंही ठरू शकतं. उपचार म्हणजे गोळी बंद, ऑक्सिजन, आधार आणि वाट पाहणं. खात्री करण्यासाठी तीच गोळी पुन्हा देऊन बघायची नाही. युरोपच्या पत्रकांत याला ‘अतिविरळ’ म्हटलं आहे, म्हणजे दहा हजारांत एकाहूनही कमी. आकडा छोटा आहे, पण ज्या गोळीचे ग्राहक कोटींत मोजावे लागतात तिच्याबाबतीत छोटा आकडाही माणसांचाच असतो.

फुफ्फुसं आणि रक्तदाब यांचा संबंध आपल्याला दूरचा वाटतो. शरीरशास्त्राला तो तसा वाटत नाही. रक्तवाहिन्या आवळणारं अँजिओटेन्सिन हे द्रव्य शरीरात दोन टप्प्यांत तयार होतं. त्यातला दुसरा, जोरकस टप्पा मुख्यतः फुफ्फुसांतून रक्त जाताना घडतो, हे १९६७ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये जॉन वेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. त्याच प्रयोगशाळेत ब्राझीलचे सर्जिओ फेरेरा आपल्या देशातल्या जराराका नावाच्या विषारी सापाच्या विषातला अर्क घेऊन आले होते. तो अर्क ब्रॅडिकायनिन या द्रव्याचा परिणाम वाढवतो, हे त्यांना ठाऊक होतं. वेन यांचे सहकारी वाय. एस. बाखले यांनी (हे आडनाव मराठी कानाला परकं वाटणार नाही) कुत्र्याच्या फुफ्फुसांच्या अर्कावर प्रयोग करून १९६८ मध्ये दाखवलं की तेच विष अँजिओटेन्सिनची घडणही रोखतं. या धाग्यावरून अमेरिकेतल्या स्क्विब कंपनीत डेव्हिड कशमन आणि मिगेल ओंडेटी यांनी कॅप्टोप्रिल घडवलं. १९८१ मध्ये ते अमेरिकेत विक्रीस आलं. पुढे एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल अशी ‘प्रिल’ने संपणारी सगळी फौज त्याच वाटेने आली.

म्हणजे या औषधांचा जन्मच फुफ्फुसांच्या अर्कात झाला. ती ज्या एन्झाइमला अडवतात, ते शरीरात सर्वांत दाट पसरलेलं आहे ते फुफ्फुसांच्या केशवाहिन्यांवरच. हे एन्झाइम एका कात्रीसारखं आहे. ती अँजिओटेन्सिन कापून जोरकस करते आणि त्याच पात्याने ब्रॅडिकायनिन कापून निकामी करते. कात्री बोथट केली की रक्तदाब उतरतो, पण न कापलेलं ब्रॅडिकायनिन श्वासनलिकांत साचतं. तिथल्या नसा चाळवतात आणि खोकला सुरू होतो.

‘प्रिल’चा खोकला विरळ म्हणता येणार नाही. सुरुवातीच्या चाचण्यांत तो शेकडा एक-दोघांनाच होतो असं वाटलं, कारण कुणी विचारत नव्हतं आणि रुग्ण आपणहून सांगत नव्हते. मुद्दाम विचारायला लागल्यावर प्रमाण शेकडा पाच ते वीसपर्यंत गेलं. बायकांत जास्त, चीन-जपानकडच्या लोकांत त्याहून जास्त. कोरडा, घशात काहीतरी टोचल्यासारखा, रात्री आडवं झाल्यावर हमखास. गोळी सुरू झाल्यावर काही तासांत येऊ शकतो, तसाच काही महिन्यांनीही. त्यामुळे गोळीचा आणि खोकल्याचा संबंध लावायला स्मरणशक्ती कमी पडते. कफ सिरपने तो जात नाही. गोळी थांबवल्यावर बहुतेकांत एक ते चार आठवड्यांत ओसरतो, काहींना तीन महिनेही लागतात. त्या तीन महिन्यांत धीर सुटून ‘म्हणजे गोळीमुळे नव्हताच’ असं ठरवून पुन्हा ‘प्रिल’ सुरू करणारेही आहेत.

आपल्याकडे या खोकल्याला आणखी एक वळण आहे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला म्हणजे क्षयाची तपासणी, हा आपल्या आरोग्यव्यवस्थेचा नियम आहे आणि तो योग्यच आहे. थुंकी तपासावी, एक्सरे काढावा. पण तपासणी स्वच्छ आल्यावर प्रश्न संपला असं धरून सिरप, मग प्रतिजैविक, मग ॲलर्जीच्या गोळ्या, मग पित्ताच्या गोळ्या अशी रांग लागते. हृदयविकाराच्या झटक्यानंतर रामिप्रिल चालू असलेला माणूस सहा महिने खोकत राहतो आणि तुळस-आल्याचा काढा उकळत राहतो. ज्येष्ठमध चघळल्याने घसा थोडा वेळ शांत होतो, पण खोकला संपत नाही. उलट ज्येष्ठमध रोज आणि भरपूर खाल्ला तर तो स्वतःच रक्तदाब वाढवतो.

‘प्रिल’चा खरा धोका खोकल्यात नाही. त्याच साचलेल्या ब्रॅडिकायनिनमुळे हजारात एक ते सात जणांच्या ओठांना, जिभेला, घशाला सूज येते. तिला अँजिओइडिमा म्हणतात. ही प्रतिक्रिया फुफ्फुसांत घडत नाही, पण हवेची वाट वरूनच बंद होते. तिच्या दोन खोडी आहेत. एक, अंगावर पित्ताच्या गांधी उठत नाहीत, खाजही येत नाही. त्यामुळे ॲलर्जी म्हणून दिलेली ॲव्हिल आणि स्टेरॉइड फारशी उपयोगी पडत नाहीत. श्वासाची वाट उघडी ठेवणं हेच मुख्य काम. दुसरी खोड जास्त फसवी. पहिल्या आठवड्यांत धोका जास्त असला तरी वर्षानुवर्षं बिनतक्रार गोळी घेतलेल्या माणसालाही ती अचानक येते. ‘पाच वर्षं घेतोय, आता कशी होईल?’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. आफ्रिकी वंशाच्या लोकांत तिचं प्रमाण तीन ते पाचपट आहे.

इथे भारतीय वाचकाने एक जोडी लक्षात ठेवावी. मधुमेहासाठी आपल्याकडे व्हिल्डाग्लिप्टिन सर्रास लिहिलं जातं. ‘प्रिल’ आणि व्हिल्डाग्लिप्टिन एकत्र घेणाऱ्यांत ही सूज जास्त दिसली, असं २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात आढळलं. मधुमेह आणि रक्तदाब एकाच घरात, एकाच माणसात नांदतात, पण त्यांची औषधं कित्येकदा दोन वेगवेगळे डॉक्टर लिहून देतात. हृदय अशक्त झालेल्यांना दिलं जाणारं सॅक्युबिट्रिल आणि ‘प्रिल’ यांची तर एकत्र बंदीच आहे. एक थांबवून दुसरं सुरू करताना किमान ३६ तासांचं अंतर ठेवावं लागतं.

बीटा ब्लॉकर या रक्तदाबाच्या औषधांच्या आणखी एका गटाची कथा जुनी आणि जास्त प्रसिद्ध. जेम्स ब्लॅक यांनी शोधलेल्या प्रोप्रॅनोलॉलमुळे दम्याच्या रुग्णांच्या श्वासनलिका आवळतात, हे १९६४ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं आणि दम्याच्या माणसाला बीटा ब्लॉकर देऊ नये हे विद्यार्थ्यांच्या पाठांतरात गेलं. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारखी हृदयाकडे जास्त झुकणारी औषधं आल्यावर ही भीती पुष्कळ कमी झाली, पण संपली नाही. सिगारेटमुळे किंवा चुलीच्या धुरामुळे फुफ्फुसं खराब झालेल्यांना मेटोप्रोलॉल देऊन आजार कमी उसळतो का, हे पाहणाऱ्या २०१९ च्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत आजार कमी तर झाला नाहीच, उलट इस्पितळात दाखल होण्याइतका गंभीर उद्रेक मेटोप्रोलॉलच्या गटात जास्त दिसला. हृदयासाठी गरज असेल तर औषध द्यावं, फुफ्फुसांच्या भल्यासाठी देऊ नये, एवढाच त्याचा अर्थ.

पण या औषधाची फसवी वाट डोळ्यांतून जाते. काचबिंदूसाठी टिमोलॉल या बीटा ब्लॉकरचे थेंब १९७८ पासून वापरात आहेत. थेंब डोळ्यातून नाकात, नाकातून रक्तात उतरतात आणि यकृताला बगल देऊन थेट फुफ्फुसांपर्यंत पोचतात. दम्याच्या काही रुग्णांचे या थेंबांमुळे मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत. ‘कोणती औषधं चालू आहेत?’ या प्रश्नाला डोळ्यांतल्या थेंबांचं नाव सांगणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

जुन्या औषधांकडे वळलं की मुंबईला थांबावं लागतं. केईएम इस्पितळात रुस्तुम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळ्यांचा रक्तदाबावर पद्धतशीर प्रयोग केला आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्या लेखाने पाश्चात्त्य जगाचं लक्ष या मुळीकडे वळवलं. पुढे तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढण्यात आलं. सर्पगंधेचा नेहमीचा त्रास म्हणजे चोंदलेलं नाक. मोठ्यांच्या बाबतीत ही किरकोळ कटकट होती. बाळंतपणाच्या सुमारास आईला रेसर्पिन दिलं गेलं, तर मात्र नवजात बाळाचंही नाक चोंदायचं. ही बाळं श्वास घेतात ती मुख्यतः नाकानेच, त्यामुळे दूध ओढता येईना आणि अंग निळं पडायचं.

याच नियतकालिकात १९५४ मध्ये दुसरा एक लेख आला होता. विषय होता हेक्झामेथोनियम. तेव्हा अतिशय वाढलेल्या रक्तदाबावर हे औषध वापरलं जाई. त्याने माणसं जगत होती, पण काहींची फुफ्फुसं आतून राठ, जाड होत होती. पुढे चांगली औषधं आली, हेक्झामेथोनियम मागे पडलं आणि त्या नोंदीही. २००१ मध्ये बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्यावरच्या एका प्रयोगासाठी निरोगी स्वयंसेवकांना हेच औषध श्वासावाटे देण्यात आलं. त्यातल्या २४ वर्षांच्या एका तरुणीची फुफ्फुसं निकामी झाली आणि जूनमध्ये ती गेली. चौकशीत निघालं की संशोधकाने संगणकावर शोध घेतला होता, पण ती यादी १९६६ पासूनच सुरू होत होती. १९५० च्या दशकातले लेख ग्रंथालयाच्या कपाटात पडून होते. त्या जुलैत अमेरिकी सरकारने तिथलं माणसांवरचं जवळजवळ सगळं संशोधन काही दिवस थांबवलं. विरळ प्रतिक्रियेची खरी अडचण हीच. तिची नोंद असते, पण ज्याला गरज आहे त्याच्यापर्यंत ती पोचत नाही.

हायड्रॅलाझिन या रक्तदाबाच्या आणखी एका जुन्या औषधाने सांधेदुखी, ताप आणि छातीच्या आवरणाला सूज असा ल्युपससारखा आजार होतो, हे १९५० च्या दशकापासून माहीत आहे. दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या वर डोस गेला की शक्यता वाढते. मिनॉक्सिडिलच्या गोळ्या हृदयाभोवती आणि कधी फुफ्फुसांभोवती पाणी आणू शकतात. हे औषध रक्तदाबातून जवळजवळ हद्दपार झालंय. पण हल्ली टक्कल पडू नये म्हणून अगदी कमी मात्रेत तोंडावाटे घेण्याची टूम आली आहे. एवढ्या मात्रेत धोका फार कमी, हे खरं. तरी केसांच्या गोळीमुळे छातीत काही होऊ शकतं, ही कल्पना घेणाऱ्याला नसते.

मग आपल्याकडची खरी खपाऊ औषधं कोणती? ॲम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन. फुफ्फुसांच्या बाबतीत ही दोन्ही बऱ्यापैकी निरुपद्रवी आहेत, हे स्वच्छ सांगायला हवं. टेल्मिसार्टनच्या युरोपीय पत्रकात फुफ्फुसांच्या दाहाची अतिविरळ नोंद आहे, पण गोळीनेच तो झाला असं सिद्ध झालेलं नाही. ‘सार्टन’ गटाचा मोठा गुण म्हणजे त्यांच्यामुळे खोकला फार कमी होतो. ‘प्रिल’चा खोकला सुरू झाला की डॉक्टर याच गटाकडे वळतात. ॲम्लोडिपिन पाय सुजवतं. ती सूज फुफ्फुसांची नाही आणि हृदयाचीही नाही. पण त्याच वेळी वयामुळे किंवा वजनामुळे दम लागत असेल तर सुजलेले पाय आणि धाप यांची बेरीज ‘हृदय थकलं’ अशी केली जाते आणि लघवीची गोळी सुरू होते. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या वृद्धांच्या नोंदी तपासणाऱ्या २०२० च्या अभ्यासात ॲम्लोडिपिनच्या गटातली गोळी नव्याने सुरू झालेल्यांना पुढे लघवीची गोळी मिळण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त दिसलं. एका औषधाच्या त्रासावर दुसरं औषध, आणि त्या दुसऱ्याचा त्रास आणखी तिसऱ्याला आमंत्रण देणारा.

भीतीही तितकीच नुकसान करते. २०२० मध्ये करोनाचा विषाणू ज्या दरवाजातून पेशीत शिरतो तो रक्तदाबाच्या याच यंत्रणेशी जोडलेला आहे, हे कळल्यावर ‘प्रिल’ आणि ‘सार्टन’ गोळ्या फुफ्फुसांना मारक ठरतील अशी हवा पसरली. अनेकांनी गोळ्या परस्पर सोडल्या. ब्राझीलमधल्या एका चाचणीत करोनाच्या रुग्णांपैकी निम्म्यांची गोळी चालू ठेवली आणि निम्म्यांची थांबवली. थांबवल्याने काहीही फायदा झाला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार भारतात ३० ते ७९ वयोगटात सुमारे १८ कोटी ८० लाख लोकांना उच्च रक्तदाब आहे आणि त्यातल्या बहुतेकांचा तो आटोक्यात नाही. पक्षाघाताने कोसळणाऱ्यांची संख्या गोळीच्या धापेने आयसीयूत जाणाऱ्यांपेक्षा कितीतरी पट मोठी आहे. त्यामुळे हा लेख वाचून कुणी गोळी कचऱ्यात टाकू नये. बीटा ब्लॉकर आणि क्लोनिडिन तर एकदम बंद करण्याची औषधंच नाहीत. एकदम सोडल्यास छातीत कळ किंवा रक्तदाबाची उसळी येऊ शकते. मात्र गोळी घेतल्यावर काही तासांत जोरात धाप लागली, किंवा ओठ-जीभ सुजली, तर पुढची गोळी न घेता तडक इस्पितळ गाठावं.

अशा प्रतिक्रियांच्या निदानासाठी खात्रीची रक्ततपासणी नाही. एक्सरे आणि सीटी स्कॅन फुफ्फुसांत काय बिघडलं ते दाखवतात, कशाने बिघडलं ते दाखवत नाहीत. उरतो तो वेळेचा हिशेब. कोणती गोळी कधी सुरू झाली, कधी बदलली, मध्ये किती दिवस चुकली, त्रास कधी सुरू झाला. जुन्या पद्धतीचा फॅमिली डॉक्टर हे हिशेब तोंडपाठ ठेवायचा. आता औषधं तीन ठिकाणांहून येतात आणि मेडिकलवाला ‘कंपनी वेगळी आहे, औषध तेच’ म्हणून पाकीट बदलून देतो. त्यात संयुक्त गोळ्यांची भर. टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकाच गोळीत मिळतात. ब्रँडच्या नावापुढे इंग्रजी ‘एच’ एवढीच खूण असते, आणि तिच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. दोन औषधांच्या संयुक्त गोळ्यांना जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आवश्यक औषधांच्या यादीत जागा दिली. ते योग्यच केलं, कारण एकच गोळी असली की ती चुकत नाही. पण त्रास झाला की त्यातल्या कुणी केला, हे शोधणं कठीण होतं.

भारतात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे. त्याचं केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगात आहे, आणि १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर डॉक्टरच नव्हे तर रुग्णही तक्रार नोंदवू शकतो. पुरावा द्यावा लागत नाही, संशय पुरतो. इथल्या नोंदी पुढे स्वीडनमधल्या उप्साला इथल्या जागतिक भांडाराकडे जातात. हायड्रोक्लोरोथायझाइडने धाप लागलेल्या बाईच्या केसपेपरवर ‘ॲलर्जी’च्या रकान्यात सल्फा, पेनिसिलिन, शेंगदाणे लिहितात तसं या गोळीचं पूर्ण नाव लिहावं, ब्रँडचं नव्हे. कारण पुढच्या वेळी ती वेगळ्या गावात, वेगळ्या इस्पितळात, वेगळ्या रंगाच्या पाकिटातून तिच्या हातात येणार आहे.